‘पाजायचं ते घरात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज येऊन पडला. मजकूर साधारण असा: चारचौघांत बाळाला अंगावर पाजणं हे परदेशी फॅड आहे, आपल्या आज्या-पणज्यांनी असं कधी केलं नाही, शिवाय तो कायद्यानं गुन्हा आहे, बाहेर जायचंच असेल तर दूध काढून बाटलीत न्यावं, नाहीतर बाळाला पाजण्यासाठी केलेले हिरकणी कक्ष आहेतच. खाली हात जोडलेले चौदा इमोजी.

आज्या कोणाच्या, हे आधी सांगा. खुरपायला गेलेल्या बाईचं तान्हं बांधावरच्या झोळीत असायचं आणि रडलं की ती तिथंच पदर ओढून त्याला घ्यायची. उसाच्या फडात, आठवडी बाजारात भाजीच्या पाटीमागं आजही हेच चालतं आणि कोणी वळूनही बघत नाही. बाळंतिणीला माजघरात बसवून ठेवणं परवडणारी घरं मूठभर होती. त्यांची रीत सगळ्या महाराष्ट्राच्या नावावर खपवू नका.

गुन्ह्याचं तर साफ खोटं आहे. बाहेर पाजायला मनाई करणारा कायदा भारतात नाही. २०१८ मध्ये एका मल्याळी नियतकालिकानं मुखपृष्ठावर पाजणारी बाई छापली, तेव्हा ते अश्लील ठरवा म्हणून आलेली याचिका केरळ उच्च न्यायालयानं फेटाळली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तर पुढचं सांगितलं: सार्वजनिक ठिकाणी किंवा कामाच्या जागी पाजण्याला कलंक मानू नये. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडणं हे नागरिकांचं मूलभूत कर्तव्य आहे, याची आठवणही करून दिली.

आता ती बाटली. लिहिणाऱ्यानं कधी दूध काढताना कोणाला पाहिलेलं दिसत नाही. त्यालाही आडोसा लागतो, वेळ लागतो, उकळलेली भांडी लागतात. काढलेलं दूध पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत साधारण चार तास ठेवता येतं. मे महिन्यात नागपूरच्या स्टँडवर कुठून आणायचे पंचवीस अंश? नवजात बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं. बाळानं बाटली घेतली तरी आईची छाती दाटायची ती दाटतेच, गाठी होतात, कधी ताप भरतो. आणि काही बाळं बाटली तोंडातच धरत नाहीत. माझी लेक त्यातलीच.

राहिला हिरकणी कक्ष. ज्यांना आडोसा हवा त्यांच्यासाठी तो हवाच, मीही शोधतेच. पण सोय म्हणून. तिथंच बसा अशी सक्ती म्हणून नाही. आणि जिच्या नावानं तो आहे, ती तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरून गेली असं आपण मुलांना सांगतो. मला एका एसटी स्टँडवर त्या कक्षाच्या कुलपाची किल्ली मिळवायला वीस मिनिटं लागली. कंट्रोलर चहाला गेले होते. दार उघडलं तर आत फिनेलचे कॅन आणि मोडकी बाकडी.

तोवर लेकीनं स्टँड डोक्यावर घेतलेलं. मी बाहेरच बाकावर बसले, ओढणी घेतली आणि पाजलं. शेजारी नऊवारीतल्या एक आजी होत्या. त्यांनी आपलं गाठोडं माझ्या पाठीशी सरकवलं आणि म्हणाल्या, “टेकून बस गं, घाई नको करू. गाडी लागली की मी सांगते.”