गुणवत्ता कमी का, म्हणे लेखी खुलासा द्या!

काल रात्री पावणेदहाला शिक्षकांच्या ग्रुपवर यादी पडली. तालुक्यातल्या सगळ्या शाळा, संकलित चाचणी दोनची, म्हणजे वर्षअखेरच्या सरकारी चाचणीची, सरासरी, आणि ज्यांची कमी त्यांच्या नावावर लाल रंग. आमची शाळा लाल. खाली एकच ओळ: गणितातील संपादणूक कमी असण्याबाबतचा लेखी खुलासा उद्या दुपारी बारापर्यंत सादर करावा.

एकोणीस वर्षं झाली मला जिल्हा परिषदेच्या शाळेत. डोकं असं सणकलं की ताट तसंच बाजूला सारलं.

खुलासा कुणाचा मागताय? माझ्या तिसरीत एक मुलगी आहे. आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टरमध्ये आणि पोरगीही त्यांच्याबरोबर, कारण धाकटा भाऊ सांभाळायला कोण? परतली ती मार्च संपता संपता. एप्रिलमध्ये तिच्यापुढे तोच पेपर, जो वर्षभर शाळेत बसलेल्या पोराला. गणिताच्या लेखी पेपरात आंब्यांचं उदाहरण होतं. पेटीत 85 आंबे, त्यापैकी 37 विकले, शिल्लक किती? तिने जागा कोरी सोडली. शून्य.

पेपर गोळा झाल्यावर मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, वाच बघू. "त्यापैकी"वर अडकली. "शिल्लक" वाचताच येईना, त्या जोडाक्षरापाशी बोट ठेवून गप्प बसली. मग मी तोंडी विचारलं, "बाळा, 85 मोळ्या बांधल्या, 37 गाडीत चढवल्या, फडात किती राहिल्या?" तिने वर पाहिलं, बोटं हलली. "सदतीसचे चाळीस, तीन. चाळीसचे पंच्याऐंशी, पंचेचाळीस. अठ्ठेचाळीस, बाई." दहा सेकंदही लागले नाहीत. हातच्याची वजाबाकी कागदावर अजून जमत नाही तिला, पण वजाबाकी येते. आणि यादीत ती काय? गणितात शून्य!

त्याच पेपरात "अंकात लिहा: एकोणऐंशी" असंही होतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी 89 लिहिलं. का लिहिणार नाहीत? ऐंशी ऐकू आलं, एकोण म्हणजे नऊ एवढं आठवलं, जोडलं. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "सत्तर नऊ" असं वाचायची सोय दिली, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने टिंगल केली, विधानसभेतसुद्धा थट्टा झाली. मंगला नारळीकरांसारखी गणिताची जाणकार बाई त्या समितीवर होती, तिचं म्हणणं किती जणांनी धड ऐकून घेतलं? हसणाऱ्यांनी एकदा सहा-सात वर्षांच्या पोराला एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर शिकवून बघावं. एकोणसत्तर कानावर पडलं की पोराचा हात आधी सातकडेच जातो.

म्हणजे गणिताच्या नावाखाली मोजलं काय? वाचन! आणि लाल रंग गणिताला.

मुलं मागे नाहीत असं मी म्हणतच नाही. मुलांना वाचता-मोजता किती येतं ते बघणाऱ्या असरच्या 2024 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची फक्त 23.4 टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली. 2022 मध्ये तर 16.3 टक्केच होती. हे आकडे वाचून पोटात खड्डा पडतो. पण ती पाहणी कशी होते बघा. पोराच्या घरी जातात, शेजारी बसतात, कागद पुढे धरतात: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. कुठल्या पायरीवर पोर थांबलं ते जागेवर कळतं. माझी ती मुलगी गेल्या जुलैत अक्षरांवर होती. पाच महिने शाळा बुडूनही आज साधे शब्द वाचते. एवढं चढून आली ती! ही चढण तुमच्या सरासरीत कुठल्या रकान्यात दिसते?

2023-24 पासून ही नियतकालिक चाचणी सुरू आहे. पायाभूत, मग संकलित एक, मग संकलित दोन. पेपर आम्हीच घ्यायचे, आम्हीच तपासायचे, प्रश्ननिहाय गुण मोबाईलवर आम्हीच भरायचे. आमच्या गावात रेंज नाही. शाळेमागच्या टेकाडावर भर उन्हात उभी राहून मी एकेका पोराचे गुण भरलेत, तीनदा सगळं उडालं, तीनदा पुन्हा भरलं. दोन शिक्षक, चार वर्ग. मी टेकाडावर असते तेव्हा खाली चारही वर्गांना एकटे सर. आणि एवढं भरून आम्हाला परत काय येतं? टक्केवारी आणि रंग. कोणत्या पोराला कुठे अडतंय, त्याला पुढचे दोन महिने काय द्यायचं, याबद्दल वरून एक ओळ आलेली नाही. एकदाही नाही.

आणि हिरव्या शाळा? सगळ्याच खोट्या नाहीत, मनापासून राबणारे लोक मला माहीत आहेत. पण काल यादी पडल्यावर एका सहकाऱ्याचा फोन आला. "मॅडम, कशाला डोक्याला ताप? फळ्यावर उत्तरं लिहून द्यायची, विषय संपला." 2025 च्या एप्रिलमध्ये तर याच चाचणीच्या काही प्रश्नपत्रिका उत्तरांसकट यूट्यूबवर फिरत होत्या. खरे गुण भरणाऱ्याला खुलासा आणि खोटे भरणाऱ्याला शाबासकी, हे चालू राहिलं तर खरे गुण भरणार कोण? मी भरले. मला त्या पोरीच्या नावापुढे खोटा आकडा टाकायचा नव्हता, कारण खोटा आकडा पडला की तिला मदतीची गरज आहे हेच कागदावरून पुसलं जातं.

आज सकाळी खुलासा लिहिला. तीन पानं झाली. पहिल्या पानावर आंब्यांचं उदाहरण आणि मोळ्यांचं उदाहरण शेजारी शेजारी लिहिलंय, तिने मोजलं तसंच. दुसऱ्यावर नोव्हेंबर ते मार्च गावाबाहेर असलेल्या माझ्या सहा मुलांची यादी, आणि गावात हंगामी वसतिगृह सुरू करा ही मागणी, जी मी याआधीही दोनदा लेखी दिलेली आहे. तिसऱ्यावर विचारलंय की प्रश्ननिहाय गुण तुमच्याकडे आहेत, तर माझ्या वर्गाचं विश्लेषण मला कधी देताय.

साडेअकराला पोच घेतली. बाराला ग्रुपवर नवा मेसेज: खुलासा एका ओळीत, सोबतच्या लिंकवर भरावा.