नरोडा माझी चूक, परवान्याचं मात्र पटलं नाही

काका, नमस्कार.

नाव तुम्ही दिलेलं नाही, पण १९६८ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यात उमेदवारी केली असं लिहिलंय. म्हणजे माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. तेव्हा काकाच म्हणतो.

धीरूभाई अंबानींवरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि मग सोलून काढलात. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. धीरूभाईंच्या ‘विमल’ कापडाची गिरणी मी पाताळगंगेला बसवली, ती तिथं नव्हतीच. माणूस मोठा झाला तो परवान्यांवर आणि दिल्लीतल्या ओळखींवर, मग त्याचं कौतुक कसलं? पॉलिस्टरनं इचलकरंजीचे माग मारले आणि कोल्हापूरचं पोरगं त्याचेच गोडवे गातंय. वर शेवटी, ‘कधी कारखान्याचं तोंड तरी बघितलंय का?’

गिरणीचं कबूल. १९६६ ची कापड गिरणी अहमदाबादजवळ नरोड्याला होती. रायगडातल्या पाताळगंगेला १९८२ साली जे सुरू झालं ते कापड नव्हे, पॉलिस्टरचा धागा. मी घाईत दोन्ही एकाच खुंटीला टांगलं. आणि ही चूक नेमकी माझ्याच मुद्द्याच्या मुळावर येणारी आहे, कारण नरोडा ते पाताळगंगा हा प्रवास सांगायलाच तर लेख लिहिला होता.

आता परवान्यांचं. परवाना राज्यात दिल्लीचे उंबरे झिजवल्याशिवाय पानही हलत नव्हतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. धोरणं धीरूभाईंच्या सोयीनं वळली असे आरोप झाले, १९८६ साली इंडियन एक्स्प्रेसनं लेखमाला चालवली, हे लेखात यायला हवं होतं. आलं नाही, ती कसर माझी. पण काका, परवाना तर मफतलाल या उद्योगपती घराण्याकडंही होता. त्यांच्या नोसिल या रसायन कंपनीचा नॅफ्था क्रॅकर, म्हणजे खनिज तेलातून निघणारा नॅफ्था फोडून प्लास्टिक आणि धाग्याची मूळ रसायनं काढणारा कारखाना, ठाण्याला १९६८ सालीच उभा राहिला. तुम्ही उद्यमनगरात कानस धरली तेच साल बघा. त्या वेळी धीरूभाई अजून नरोड्यात कापडच विणत होते. तो क्रॅकर आकारानं लहान राहिला आणि पुढं बंद पडला. नुसत्या परवान्यानं माणूस उभा राहिला असता, तर आज आपण दुसऱ्याच घराण्याबद्दल भांडत असतो.

मला त्या माणसात जे दिसतं ते वेगळं आहे. एडनला बेस कंपनीत नोकरी, ती पेढी शेलचं तेल विकायची. १९५८ च्या सुमारास मुंबईत मशीद बंदरला मसाले आणि सूत यांचा व्यापार. मग जे सूत विकत होते त्याचं कापड नरोड्यात. कापडाला धागा विकत घ्यावा लागतो, म्हणून धागा पाताळगंगेत. धाग्याला पीटीए आणि एमईजी ही रसायनं लागतात, म्हणून ती. पीटीएला पॅराझायलीन हे आणखी एक रसायन, त्याला नॅफ्था. हजिऱ्याला १९९७ साली क्रॅकर, आणि १९९९ ला जामनगरची रिफायनरी, वर्षाला २.७ कोटी टन तेल गाळणारी. दर खेपेला काल जे विकत घेत होते ते आज स्वतः करायचं. आणि करायचं तेही आपल्या गरजेपुरतं नव्हे, देशाला पुरून उरेल एवढं.

हे आपल्याला परकं का वाटावं? उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी वेगळं काय केलं? बाहेरनं आलेली ऑईल इंजिनं दुरुस्त करता करता सुटे भाग करायला लागले, मग अख्खं इंजिनच. तुमच्याच गल्लीतली गोष्ट आहे ही. फरक एवढाच की आपण इंजिनावर थांबलो.

इचलकरंजीचा माग पॉलिस्टरनं मारला हेही मला पटत नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तेव्हापासून गाव मुख्यतः कापसाच्या सुतावर उभं आहे. पॉलिस्टर धरलं ते सुरतेनं. माझे मामा खर्चीवाले होते. सूत व्यापाऱ्याचं, माग मामांचे, मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, आणि दर ठरवताना मामांना कुणी विचारत नसे. विजेचं बिल आलं की मामी ते देव्हाऱ्यात ठेवायची, बहुधा देवालाच भरायला सांगत असावी. मामांनी माग भंगारात काढले ते यापायी. सुताचा भाव ज्याच्या हातात नाही त्याचं काय होतं, ते मी तिथं बघितलं. धीरूभाईंची साखळी मला एवढी का भावते, याचं उत्तरही तिथंच आहे.

राहिलं कारखान्याचं तोंड. गोकुळ शिरगावला माझ्या दोन मोल्डिंग मशिनी आहेत, ठिबकच्या नळ्या जोडायचे जॉइनर आणि टी काढतो. प्लास्टिकचा दाणा पंचवीस किलोच्या गोणीत येतो आणि त्याचा भाव मी ठरवत नाही, सकाळी मोबाईलवर कळतो. म्हणजे मीही खर्चीवालाच, फक्त माग नाही. लाईट गेली की बॅरलमधला माल जागेवर गोठतो. परत आली की आधी तापवत बसायचं, मग पितळी सळईनं नोझलचं तोंड मोकळं करायचं, आणि पहिला लोंदा बाहेर पडेपर्यंत तोंडून काय काय निघतं ते इथं लिहित नाही.

२०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीजवळचं माझं भाड्याचं गोडाऊन छातीएवढ्या पाण्यात होतं. पॉलिप्रॉपिलीनचा दाणा पाण्यानं बिघडत नाही, गाळानं बिघडतो. चाळीसएक गोण्या फोडून, धुऊन, ताडपत्रीवर वाळवल्या. पोरं चाळणी घेऊन बसली होती. तरी महिनाभर मालात काळे ठिपके येतच राहिले. जुलै १९८९ मध्ये पाताळगंगेचा अख्खा प्रकल्प पुरात गेला होता आणि महिन्याभरात पुन्हा सुरू झाला होता. लेखात त्यावर मी दोन परिच्छेद खर्च केले त्याला तुम्ही ‘भाटगिरी’ म्हणालात. काका, ज्यानं चाळीस गोण्या वाळवल्यात त्याला तो महिना डोळ्यांपुढं दिसतो हो.

नरोडा दुरुस्त केलंय. एक्स्प्रेसच्या लेखमालेचा परिच्छेद आज रात्री घालतो. पुराचे दोन परिच्छेद मात्र आहेत तसेच राहतील.