अपडेट नेहमी 10 तारखेच्या रात्रीच सोडावं

होतकरू प्रोग्रामर मित्रांनो, सप्रेम नमस्कार.

मी बेळगावात दुकानदारांचे हिशेब लिहितो, जीएसटीची रिटर्न भरतो. प्रोग्रामिंग मला येत नाही. पण तुमच्या प्रोग्रामिंगची फळं महिन्याच्या महिन्याला माझ्या टेबलावर येऊन पडतात. परवाच्या 11 तारखेला तर ती इतकी पडली, की तुम्हाला चार सल्ले द्यायचा अधिकार मला आपोआप मिळाला असं मी समजतो. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आमच्याच गावात आहे, पण हे सल्ले तुम्हाला कुठल्या वर्गात बसून मिळायचे नाहीत.

पहिला मुहूर्ताचा. जीएसटीआर-1 ची, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या रिटर्नची, मुदत 11 तारखेला संपते. म्हणून बिलं-हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं अपडेट 10 तारखेच्या रात्री सोडावं. त्याआधी सोडलं तर लोकांना चुका शोधायला वेळ मिळतो, नंतर सोडलं तर कोणी ढुंकून बघत नाही. 'नंतर करा' असं एक बटण जरूर द्यावं, आणि ते दाबलं तरी अपडेट होऊ द्यावं. 11 तारीख शनिवारी येत असेल तर सोन्याहून पिवळं. शनिवार-रविवार तुमचा सपोर्ट बंद, जीएसटीचं पोर्टल मात्र चालू.

टेस्टिंगवर एक दमडी घालवू नका, गिऱ्हाईक स्वतःचे पैसे देऊन ते करतं.

चाचणीचे एसएमएस खऱ्या नंबरांवर पाठवावेत. 'प्रिय अबक, आपली थकबाकी 99999 रु.' असा मेसेज रात्री साडेअकराला गेला की निपाणीचा तंबाखूवाला झोपेतून उठून मला फोन करतो, आणि माझाही लोकसंपर्क वाढतो.

युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं संगणकाला कळवणाऱ्या व्यवस्थेच्या, भानगडीत पडू नका. इंग्रजी अक्षरं नीट उमटली म्हणजे झालं. डेटाबेसच्या रकान्याला देवनागरी कळत नसली की 'येळ्ळूर' लिहिलं तरी पावतीवर ओळीनं प्रश्नचिन्हं छापून येतात. कन्नडमध्ये लिहून बघा, तीच प्रश्नचिन्हं. सीमाभागात दोन्ही भाषांना इतकी समान वागणूक आजवर कुठल्या सरकारनं दिलेली नाही.

तारीख अमेरिकन पद्धतीनं वाचावी, आधी महिना, मग दिवस. याची खुबी अशी की महिन्याचे पहिले 12 दिवस कोणाच्या काही ध्यानात येत नाही. 5 जूनचं बिल 6 मे म्हणून निमूट जाऊन बसतं. 13 जून उजाडला की तेरावा महिना सापडेना म्हणून प्रोग्राम अडतो. तोवर बिलं जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत विखुरलेली असतात. 6 जूनचं तेवढं जागेवर सापडतं.

आता मुख्य सल्ला. गृहीत धरा. विचारत बसू नका, गृहीत धरा.

खडे बाजारात आमचे एक हार्डवेअरवाले सावकार आहेत (आमच्याकडं दुकानमालकाला सावकार म्हणतात). नट-बोल्ट, पाइप, रंग असा धंदा. पुण्याच्या कंपनीच्या या अपडेटात 'आता आपल्या मातृभाषेत!' अशी पाटी झळकली. सावकारांना आनंद झाला, त्यांनी मराठी निवडलं. तुमच्यातल्या कोण्या गुणवंतानं आत अशी सोय करून ठेवली होती की भाषा मराठी म्हटली की राज्य महाराष्ट्र. सांगायचं नाही, विचारायचं नाही. वर राज्याचा रकाना राखाडी करून टाकायचा, म्हणजे दुकानदारानं कितीही क्लिक केलं तरी तो हलणार नाही.

1956 पासून इथली माणसं ज्यासाठी मोर्चे काढताहेत, 1966 साली नेमलेल्या महाजन आयोगाला जे मिटवता आलं नाही, 2004 पासून जे सुप्रीम कोर्टात पडून आहे, ते पुण्यातल्या एका पोरानं एका ड्रॉपडाउनमध्ये करून दाखवलं. बेळगाव महाराष्ट्रात! खरं तर गल्लीत कुंदा वाटायला हवा होता. पण रिटर्न भरायचं होतं.

सावकारांचा फोन आला, "साहेब, दुकान हाय तिथंच हाय की! बिल असलं काय काढूलालंय?"

बिल असं निघत होतं. खडे बाजारातून कपिलेश्वर पूल ओलांडून शहापूरला गेलेला माल परराज्यात गेला म्हणून त्यावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर. आणि कोल्हापूरला गेलेला माल घरचा, म्हणून त्यावर सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे अर्धा केंद्राचा आणि अर्धा राज्याचा कर. नवीन बिलांचं तर हे झालंच, पण गेल्या महिन्याची छापून, गिऱ्हाइकाच्या हातात पडून, पैसे वसूल झालेली बिलंसुद्धा रिटर्नच्या तक्त्यात उलटीपालटी होऊन बसली. हातातला कागद एक सांगतो, पडद्यावरचा तक्ता दुसरंच.

मी सपोर्टला फोन लावला. आधी ब्राउझरची कॅशे, म्हणजे त्यानं साठवलेली जुनी माहिती, क्लिअर करायला लावली. मग ब्राउझर बदलायला लावला. मग 'तुमच्याकडचं नेट स्लो आहे का सर?' मग एनीडेस्क. माझ्या पडद्यावर त्या मुलाचा बाण इकडून तिकडं फिरत होता, राखाडी रकान्यावर येऊन टकटक करत होता, आणि परत जात होता. शेवटी तो म्हणाला, "सर, पण टोटल टॅक्स सेमच येतोय ना?"

येतोय रे बाबा. 10,000 च्या नट-बोल्टवर 18 टक्क्यांनी 1,800 च येतोय. फक्त 900 केंद्राचे आणि 900 कर्नाटकाचे असायच्या ऐवजी सगळे एका तिसऱ्याच खात्यात दिसताहेत. चुकीच्या खात्यात भरलेला कर परत मागायला वेगळा अर्ज करावा लागतो, आणि परतावा येईल तेव्हा येईल, तोवर तोच कर बरोबर खात्यात पुन्हा खिशातून भरावा लागतो. परतावा कधी येतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना मी सांगायला नको. आणि पलीकडं शहापूरच्या गिऱ्हाइकाच्या क्रेडिटला बिलाप्रमाणे मेळ बसत नाही म्हणून तो सावकारांचे पुढचे पैसे धरून बसतो, ते वेगळंच.

बरं, सॉफ्टवेअरला राज्य माहीत नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. सावकारांचा जीएसटी नंबर त्यात पहिल्या दिवसापासून भरलेला आहे. त्याचे पहिले दोन आकडे म्हणजेच राज्य. 29 म्हणजे कर्नाटक, 27 म्हणजे महाराष्ट्र. पिनकोड भरलेला आहे, 590001. महाराष्ट्रातला एकही पिन 5 नं सुरू होत नाही. टेंपोचा नंबर भरलेला आहे, केए-22. एवढं सगळं समोर मांडून ठेवलेलं असताना बघितलं कशाकडं, तर भाषेकडं! मराठी बोलतो म्हणजे महाराष्ट्रात राहतो. मग निपाणीत कोण राहतं? खानापुरात कोण राहतं? बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर? आणि अक्कलकोटात, जतमध्ये घरात कन्नड बोलणारे दुकानदार आहेत, त्यांनी कन्नड निवडलं की त्यांची दुकानं रातोरात कर्नाटकात येणार का? नकाशा तुमच्या फोनमध्ये आहे ना? जेवण मागवताना उघडता की तो.

असो. सल्ले द्यायला बसलोय.

माझा भाचा बंगळुरात याच धंद्यात आहे. मी त्याच्यावर ओरडलो (त्याचा काही संबंध नव्हता, पण जवळ तोच सापडला) तेव्हा तो म्हणाला, "मामा, मोठमोठ्यांकडून होतं हे." आणि त्यानं मला धीर द्यायला एकेक गोष्ट ऐकवली. त्यातूनही तुम्हाला घेण्यासारखं पुष्कळ आहे.

गृहीत धरण्याचंच घ्या. 1999 मध्ये नासाचं एक यान मंगळाजवळ गेलं आणि गेलंच. एका चमूचं सॉफ्टवेअर जोराचे आकडे पाउंडांत देत होतं, दुसरा चमू ते न्यूटनमध्ये आहेत असं धरून चालला होता. निदान ते मंगळावर होतं. आमचं दुकान खडे बाजारात आहे, पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघालं की सकाळी दारात.

जुना कोड तसाच उचलून नव्यात डकवावा. युरोपच्या एरियान-5 रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात, 4 जून 1996 रोजी, एरियान-4 चा कोड असाच आला होता. नवं रॉकेट जास्त वेगाचं. 64 बिटांचा आकडा 16 बिटांच्या जागेत मावला नाही, आणि चाळीस सेकंदांच्या आत सगळ्याचा चुराडा. ज्या भागात ही गडबड झाली त्याची उड्डाणानंतर काही गरजच नव्हती. जुन्यात होता म्हणून नव्यातही राहू दिला. तुमच्या सॉफ्टवेअरात अजून व्हॅटचा मेनू आहे तो याच घराण्यातला. जीएसटी येऊन 2017 पासून किती वर्षं झाली ते मोजा.

इशाऱ्याचे मेल उघडू नयेत. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर दलाली करणारी कंपनी होती. 1 ऑगस्ट 2012 ला त्यांनी आठपैकी सात सर्व्हरवर नवा कोड टाकला, आठवा विसरला. बाजार उघडायच्या आधी त्यांच्याच यंत्रणेनं आतल्या आत 97 मेल पाठवले होते, कोणी बघितले नाहीत. 45 मिनिटांत 44 कोटी डॉलर गेले. आम्ही पाठवलेल्या मेलला तुमच्याकडून 'हे उत्तर आपोआप पाठवण्यात आले आहे' असं येतं, म्हणजे निदान पोचतात असं धरू. तुम्ही गृहीत धरता, मग आम्हीही.

एका पैशाच्या फरकाकडं लक्ष देऊ नका. पैशांचे आकडे दशांश चिन्हाच्या तरंगत्या प्रकारात ठेवले की संगणकाच्या पोटात 0.1 अधिक 0.2 बरोबर 0.3 होत नाही, शेपटाला काहीतरी उरतं. ताळेबंदाला तो पैसा जुळवायला मी संध्याकाळ घालवतो. 'राउंड ऑफमध्ये टाका ना सर!' असं सपोर्टवाले म्हणतात, हे मी भाच्याला हसत हसत सांगत होतो, तर त्यानं 1991 सालची गोष्ट सांगितली. सौदीतल्या धाहरानमध्ये अमेरिकेची, येणारी क्षेपणास्त्रं पाडणारी पॅट्रियट तुकडी. तिच्या घड्याळात सेकंदाचा दहावा भाग असाच किंचित कमी धरला जायचा. यंत्रणा 100 तासांहून जास्त सलग चालू राहिली, तो किंचित फरक साचत साचत सेकंदाच्या एकतृतीयांशावर गेला, आणि येणारं स्कड क्षेपणास्त्र तिला सापडलं नाही. 28 सैनिक मेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोचलं.

यावर मला काही उपरोधिक सुचेना.

तर मग पुढचा सल्ला, कबुलीचा. चूक झाली असं कधीही म्हणू नये. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरनं रात्री थकलेल्या अवस्थेत भलत्याच सर्व्हरवरची माहिती पुसली. सुमारे 300 जीबीतले साडेचार उरले. बॅकअपचे नाना प्रकार कागदावर होते, त्या रात्री ते कामाला आले नाहीत. नशिबानं सहा तासांपूर्वी हातानं घेतलेली एक प्रत होती. या वेड्या लोकांनी काय करावं? काय पुसलं, कसं पुसलं, कुठला बॅकअप का चालला नाही, हे सगळं जगासमोर लिहून काढलं. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. किती हा बाळबोधपणा! तुम्ही बघा, 'तांत्रिक कारणामुळे काही वापरकर्त्यांना असुविधा' एवढ्या एका ओळीत अख्खा जिल्हा परराज्यात नेऊन परत आणला. आणि लगेच दुसरा मेसेज, 'आपलं तिकीट सोडवण्यात आलं आहे, आम्हाला पाच तारे द्या.' तिकीट म्हणजे आमची तक्रार. ती सोडवली म्हणजे काय केलं? भाषा इंग्रजी करायला सांगितली! मराठी नको असेल तर देऊ नका ना. कोणी मागितली होती?

अरे, काही लाज? भाचा सांगत होता त्या सगळ्यांच्या चुका तुझ्यापेक्षा मोठ्या होत्या, कबूल. पण एरियानच्या चौकशीचा अहवाल दोन महिन्यांच्या आत छापून बाहेर आला, कोणालाही वाचता येतो. तू एका दुकानदाराला साधं 'आमचं चुकलं' म्हणू शकत नाहीस? आठवी शिकलेला तो माणूस गल्ल्यावर बसून तुझं बटण 'नंतर करा' दाबतो, तरी तुझं अपडेट होतं. नोटीस आली तर ती त्याच्या नावानं येणार आहे, तुझ्या नावानं नाही. विलंब शुल्क तो भरणार आहे. तुझ्या राखाडी रकान्यामागं काय आहे ते त्याला दिसत नाही, तुला दिसतं. मग बघायचं कोणी? एक दिवस, फक्त एक दिवस सोडण्याआधी कोणाच्या तरी दुकानात बसून दहा बिलं काढून बघ. एक शहापूरचं, एक कोल्हापूरचं. पुरे झालं असतं. तेवढ्यासाठी कॉम्प्युटर सायन्स शिकावं लागत नाही.

आणि तुमच्या कंपनीचं वार्षिक देखभालीचं बिल काल आलं. पुण्याहून बेळगावला पाठवलेलं, वर पत्ता 'खडे बाजार, बेळगाव, महाराष्ट्र', आणि त्याला सीजीएसटी-एसजीएसटी लावलेला. हा महाराष्ट्राचा एसजीएसटी सावकारांनी कुठं वजा करायचा? ते रद्द कर, 29 घालून, आयजीएसटी लावून नवीन पाठव. पैसे त्यानंतर.