कट्ट आवाज, मानदुखी आणि टेन्शन : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका, प्रतिक्रिया वाचली, रागावलोबिगावलो नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, मागच्या पोस्टमध्ये मी कायरोप्रॅक्टिक (हातानं मणका-सांधे दाबून, झटका देऊन करायचे उपचार) आणि टेन्शन ह्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं की हे सगळं थोतांड, मान कट्टकन मोडायची आणि पैसे उकळायचे, मानेला झटका देणं धोक्याचं, स्ट्रेस वगैरे पुण्या-मुंबईचे चोचले, कष्ट करणाऱ्या सोलापूरकराला त्याची गरज नाही, आणि माझी मागची पोस्ट म्हणजे जाहिरात.

जाहिरात कुणाची ते तरी सांगा, एकाही क्लिनिकचं नाव त्यात नव्हतं.

चोचल्यांचं मात्र अजिबात पटलं नाही. सोलापूरच्या विडी घरकुलला, विडी कामगारांच्या वस्तीत, जाऊन बघा की एकदा. बायका मांडी घालून बसलेल्या, मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं, तंबाखू, दोरा, आणि मान एकदा खाली गेली की हजार विड्यांचा हिशोब भरेपर्यंत वर येत नाही. त्यात पाणी काही दिवसाआड, नळ आला की हातातलं टाकून घागरी भरायला पळायचं. लूमवर बारा-बारा तास उभं राहणाऱ्याचं तेच. ह्यांना टेन्शन नसतंय होय? फक्त त्याला ते स्ट्रेस म्हणत नाहीत, "मान भरून आलीय", "रात्री डोळ्याला डोळा लागेना" म्हणतात. टेन्शनमध्ये खांदे वर चढतात, जबडा आवळला जातो, स्नायू ताठ होऊन दुखतात, दुखलं की झोप नाही आणि झोप नसली की तेच दुखणं दुप्पट वाटतंय, घरात चिडचिड ती वेगळीच. मी लिहिलं होतं ते ह्याबद्दल. मान-कंबर हलकी झाली, झोप लागली तर माणसाला टेन्शन झेपतंय, एवढंच. उसनवारीचं किंवा पोरीच्या लग्नाचं टेन्शन मणका दाबून जाईल असं मी कुठंही म्हणलेलं नाही.

आता तुमचा "थोतांड" शब्द. 1895 ला अमेरिकेत, आयोवातल्या डॅव्हेनपोर्टला डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या माणसानं हे सुरू केलं. एका बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं असा त्याचा दावा, मग त्यावरून जवळपास सगळेच आजार मणका सरकल्यामुळं होतात अशी थिअरी काढली. ती थिअरी थोतांडच, कानाची नस मणक्यातून जातच नाही हो. पण कंबरदुखीचं तसं नाही. 2017 ला अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स ह्या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करून बघायचे उपाय सांगितले, त्यात शेक, मसाज, व्यायाम, योगा, मन शांत करायचं ट्रेनिंग आणि मणक्याचं मॅनिप्युलेशन, म्हणजे हातानं मणका दाबणं-हलवणं, पण आहे. पुरावा फार दणकट नाही हे त्यांनीच लिहिलंय, आणि फायदा पण बेताचाच.

तो कट्ट आवाज म्हणजे हाड जागेवर बसलं असं नसतंय. सांध्यातल्या पाण्यात गॅसची पोकळी होते त्याचा तो आवाज, बोटं मोडल्यावर येतो तोच. त्यामुळं आवाज मोठा म्हणून गुण मोठा, हे रील्सवाल्यांचं फेकणं.

आणि काका, कंबरेत उसण भरली की आपण पायाळू माणूस शोधून लाथ खातोच की, चार दिवसात बरं वाटलं की श्रेय लाथेला. खरंतर बऱ्याच उसणी काही दिवसांत-आठवड्यांत आपोआप कमी होतात, मग लाथ असो नाहीतर कायरोवाला.

मानेला झटक्याचा धोका तुम्ही काढलात तो मुद्दा बरोबर आहे आणि तो मलाही महत्त्वाचा वाटतो. क्वचित का होईना, मानेतली रक्तवाहिनी फाटून लकवा मारल्याच्या केसेस झाल्यात. म्हणून मी स्वतः मानेला झटका देऊ देत नाही, कायरोवाल्याला पण नाही आणि कटिंग झाल्यावर डोकं धरून कडकन फिरवणाऱ्या सलूनवाल्याला तर नाहीच (त्याला कुणी लूट म्हणत नाही, उलट दहा रुपये जास्त देतात). आपल्याकडं कायरोप्रॅक्टिकची वेगळी सरकारी कौन्सिल नाही, त्यामुळं बोर्ड कुणीही लावू शकतंय. शिक्षण कुठं झालं ते तोंडावर विचारायचं, न तपासता हात लावायला आला तर उठून यायचं, वीस सिटिंगचं पॅकेज आधीच भरा म्हणला तरी उठून यायचं.

आणि पायातली ताकद जायला लागली, लघवी-संडासवर ताबा राहिना, बसायची जागा बधिर झाली, तर कायरो पण नको आणि लाथ पण नको, त्याच दिवशी सिव्हिल गाठायचं.