बुलेटचा कॅम बदलायच्या आधी मागचं चाक हाताने फिरवून पाहा

गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ३५० सीसीच्या बुलेट-क्लासिकमध्ये ‘रेसिंग कॅम’ (कॅम म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवटा असलेला फिरता भाग) टाकला की ताकद दीडपट होते. कॅम जितका मोठा, तितकी गाडी जोरात. उभ्या गाडीचा अडखळत पडणारा ठोका म्हणजे ताकदीची खूण. टॅपेट (कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारे भाग) हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने फट आपोआप भरणारे आहेत, त्यामुळे जुना कॅम काढा, नवा बसवा, मोजमाप लागत नाही. आणि पैसे कमी पडत असतील तर जुनाच कॅम घासून घ्या.

कापसाचा चुकारा हातात आला की हे वाचलेली पोरं थेट मिस्त्रीकडे जातात. म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर द्यायला हवं. इथे बोलतोय ते जे-सिरीजच्या (कंपनीच्या नव्या इंजिनाच्या) आधीच्या, ३४६ सीसीच्या, पुशरॉडवाल्या (टॅपेटचा धक्का दांड्यांनी वर नेणाऱ्या) यूसीई इंजिनाबद्दल. आपल्या भागात आजही तीच गाडी जास्त दिसते.

ताकद दीडपट होते

हा दावा कागद-पेन्सिलनेच पडतो. या इंजिनाचे कंपनीचे आकडे १९.८ बीएचपी ५२५० आरपीएमला (आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि २८ न्यूटन-मीटर टॉर्क ४००० आरपीएमला. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागलं की किलोवॅट मिळतात. ५२५० ला हे इंजिन साधारण २७ न्यूटन-मीटर देतं, हे यावरूनच निघतं.

आता दीडपट म्हणजे ३० बीएचपी, म्हणजे सुमारे २२.४ किलोवॅट. कॅम टॉर्क हवेतून आणत नाही. इंजिन जास्तीत जास्त किती श्वास घेऊ शकतं ते सीसी, कॉम्प्रेशन आणि हेडचे पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्याचे मार्ग) ठरवतात. तो श्वास कोणत्या आरपीएमला नीट भरेल, एवढंच कॅमच्या हातात असतं. म्हणजे तेवढाच २७ चा टॉर्क धरून ३० बीएचपी हवे असतील तर इंजिन ७९०० आरपीएमला फिरवावं लागेल. या इंजिनाचा स्ट्रोक ९० मिलिमीटर आहे. ५२५० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५.७५ मीटर असतो, ७९०० ला तो २३.७ मीटर होतो. हा शर्यतीच्या इंजिनाचा वेग झाला. लांब स्ट्रोकच्या, जड पिस्टनच्या, हवेवर थंड होणाऱ्या एका सिलिंडरला तो झेपणारा नाही. आधी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा हार मानतील, मग कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. इग्निशनच्या डब्यात आरपीएमची मर्यादा घातलेली असेल तर गाडी तिथवर जाणारच नाही, आणि कॅमचे पैसे फुकट.

जितका मोठा कॅम तितकं बरं

‘मोठा’ या एका शब्दात तीन गोष्टी कोंबल्या जातात. लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो. ड्युरेशन म्हणजे क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या मुख्य दांड्याच्या) फेऱ्यातले किती अंश तो उघडा राहतो. ओव्हरलॅप म्हणजे इनटेक (मिश्रण आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) हे दोन्ही व्हॉल्व्ह किती वेळ एकदम उघडे असतात. लिफ्ट थोडी वाढली तर खालच्या आरपीएमला फारसं बिघडत नाही. गाडीचा स्वभाव बदलतो तो ड्युरेशनने, त्यातही इनटेक व्हॉल्व्ह किती उशिरा बंद होतो त्याने. पिस्टन खालून वर निघाला आणि इनटेक अजून उघडाच असेल, तर आत आलेलं मिश्रण परत कार्ब्युरेटरकडे ढकललं जातं. कागदावर ८.५ चं कॉम्प्रेशन असलं तरी खरी दाबणी व्हॉल्व्ह बंद झाल्यावरच सुरू होते. आरपीएम चढले की आत येणाऱ्या हवेला एवढा वेग असतो की पिस्टन वर येत असतानाही ती आत घुसत राहते. तिथे उशिरा बंद होणं फायद्याचं. २५०० ला तोच उशीर तोट्याचा.

मग आपली गाडी चालते किती आरपीएमला? हे मोजायला मीटर लागत नाही. गाडी मेन स्टँडवर लावा, इग्निशन बंद, प्लग काढा, पाचवा गिअर टाका. प्लगच्या भोकात शीतपेयाची लांब नळी सोडा आणि मागचं चाक हाताने सावकाश दहा फेरे फिरवा. नळी किती वेळा वर आली ते मोजा आणि दहाने भागा. मग टायरभोवती सुतळी गुंडाळून घेर मोजा, तो दोन मीटरच्या आसपास भरेल. समजा चाकाच्या एका फेऱ्याला क्रँकचे साडेपाच फेरे आले. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे चाकाचे ५०० फेरे, म्हणजे २७५० आरपीएम. ताशी ८० ला साधारण ३६७०.

आता आपले रस्ते डोळ्यांसमोर आणा. वावराकडे जाणारी पांदण, पावसात काळ्या मातीचा चिखल, मागे डबलसीट आणि पुढे खताची पिशवी. फार तर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट, तोही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वळणं घेत. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगीच नाही. म्हणजे गाडीचं आयुष्य २००० ते ३८०० च्या मध्ये जातं, आणि मोठा कॅम जागा होतो ४५०० च्या पुढे. खाली ओढ कमी पडली की चालवणारा हाफ क्लच धरतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना असा चिखलदऱ्याचा घाट चढलात तर क्लच प्लेटा जळतील आणि सिलिंडर तापून ठोके देऊ लागेल.

आमचं मत स्पष्ट आहे. १ मिलिमीटर लिफ्टला मोजलेलं ड्युरेशन मूळ कॅमपेक्षा ६ ते १० अंशांनी जास्त, व्हॉल्व्हची लिफ्ट अर्धा ते एक मिलिमीटर जास्त, इनटेक बंद होण्यात पाच-सहा अंशांपेक्षा जास्त उशीर नाही. गावाकडच्या गाडीला एवढंच पचतं. विकणारा ड्युरेशन सांगतो तेव्हा ते कोणत्या लिफ्टला मोजलं ते आधी विचारा. एकच कॅम व्हॉल्व्ह नुसता हलल्यापासून मोजला तर आकडा बराच मोठा दिसतो. सांगता येत नसेल तर तो कॅम घेऊ नका.

अडखळता ठोका म्हणजे ताकद

तो ठोका ओव्हरलॅपचा असतो. हजार-अकराशे आरपीएमला दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहिले की जळालेला धूर परत आत येतो, काही ताजं मिश्रण सरळ सायलेन्सरकडे जातं, आणि एखादा ठोका नीट जळतच नाही. न जळलेलं पेट्रोल धुरात वाढतं. पेट्रोल दुचाकीची पीयूसी तपासणी नेमकी आयडलवरच (उभी गाडी, एक्सलरेटर न देता) होते.

कार्ब्युरेटरवाल्या गाडीला आणखी एक त्रास आहे. तिचा २९ मिलिमीटरचा सीव्ही कार्ब्युरेटर इंजिनाच्या हवेच्या ओढीवर स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त करणारी सरकती पट्टी) उचलतो. ओढच झटक्या-झटक्याने आली तर स्लाइड थरथरते, आणि हळू चालवताना गाडी हुंदके देते. इंजेक्शनवाल्या गाडीत लॅम्बडा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) असेल तर ओव्हरलॅपमधून निसटलेला ऑक्सिजन पाहून तो मिश्रण पातळ समजतो आणि विनाकारण पेट्रोल वाढवतो. मायलेज तिथेच गेलं. त्यात पंपावर आता ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. त्याने कार्ब्युरेटरचं मिश्रण आधीच पातळ होतं, म्हणून नव्या कॅमबरोबर जेट (कार्ब्युरेटरची पेट्रोल सोडणारी छिद्रं) पाहावेच लागतात.

काढा आणि बसवा, मोजायचं काही नाही

सगळ्यात जास्त इंजिनं या वाक्याने फुटतात.

हायड्रॉलिक टॅपेट फक्त फट भरून काढतो. व्हॉल्व्ह पिस्टनला आपटतो का, ते त्याला कळत नाही. हेड उघडून पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा थर द्या, वरून तेलाचं बोट फिरवा. हेड जुन्याच गॅस्केटसह आवळा आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. मातीचा सगळ्यात पातळ भाग कापून व्हर्नियरने मोजा. इनटेकखाली किमान २ आणि एक्झॉस्टखाली २.५ मिलिमीटर हवेत. हे करताना मूळ स्प्रिंगांऐवजी हलक्या स्प्रिंगा लावा. कडक स्प्रिंगखाली हायड्रॉलिक टॅपेट तेल सोडून दबतो, व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि माती खोटं मोजमाप देते. हे न पाळल्यामुळे ‘आम्ही तर तपासलं होतं’ म्हणणाऱ्यांचे व्हॉल्व्ह वाकतात.

पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत, एकूण १ ते १.५ मिलिमीटर जागा उरावी. रिटेनरची (स्प्रिंग वरून धरणाऱ्या वाटीची) खालची बाजू आणि व्हॉल्व्हच्या गाइडचं सील यांमध्येही किमान १ मिलिमीटर.

मग टायमिंग. गिअरवरच्या खुणा जुळल्या म्हणजे कॅम बरोबर बसला असं नव्हे, कारण खूण मारतानाही चूक होते. डिग्रीची चकती (अंश छापलेली) क्रँकला लावा आणि जुन्या प्लगच्या खोळीत बोल्ट वेल्ड करून पिस्टन अडवणारा खुंटा बनवा. दोन्ही बाजूंनी पिस्टन खुंट्याला टेकवून आलेल्या दोन आकड्यांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा (सगळ्यात खालची ती बीडीसी). खुंटा काढा, इनटेकच्या पुशरॉडवर डायल गेज लावा. समजा कॅम टीडीसीच्या ८ अंश आधी १ मिलिमीटर उचलतो आणि बीडीसीनंतर ४० अंशांना तेवढ्यावर परत येतो. ड्युरेशन ८ + १८० + ४० म्हणजे २२८. निम्मे ११४, त्यातून ८ गेले की १०६. इनटेकचा मध्य टीडीसीनंतर १०६ अंशांवर आला. कॅमबरोबर येणाऱ्या आकड्यांच्या कार्डवर १०२ लिहिलं असेल तर तुमचा कॅम ४ अंश मागे आहे, आणि खालची ओढ तुम्ही फुकट घालवता आहात. एक दात चुकला तर फरक भयंकर होतो. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ३६ दातांच्या गिअरवर एक दात म्हणजे क्रँकचे २० अंश.

एक्झॉस्ट कॅमवरचा ऑटो-डीकॉम्प्रेसर विसरू नका. सुरू होताना तो एक्झॉस्ट किंचित उघडून दाब कमी करतो. बाजारातल्या कॅमवर तो नसेल तर सेल्फला पूर्ण दाबाविरुद्ध इंजिन फिरवावं लागतं, आणि या गाडीचा आधीच नाजूक स्प्रॅग क्लच (सेल्फची मोटर इंजिनाला जोडणारा भाग) लवकर जातो.

जुना कॅम घासून घ्या

लोबचं (कॅमच्या उंचवट्याचं) टोक वाढवता येत नाही, म्हणून लेथवाला मागचा गोल भाग, म्हणजे बेस, कमी करतो. त्याने लिफ्ट वाढते खरी, पण टॅपेट तेवढाच खाली बसतो. स्क्रूने फट जुळवणाऱ्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये ते भरून निघतं. हायड्रॉलिक टॅपेटचा आतला तुकडा बसवताना अर्धा ते एक मिलिमीटरच दबलेला असतो. बेस एक मिलिमीटरने घासला तर टॅपेट हवेत लोंबकळतो आणि खडखड सुरू होते. त्याला लांब पुशरॉड लागतात. शिवाय लोबचा कडक थर वरवरचाच असतो. तो गेला की काही हजार किलोमीटरांत टोक झिजून तेलात चमकी दिसू लागते.

उलट, आहे तो कॅम आधी मायक्रोमीटरने मोजा. लोबची पूर्ण उंची वजा बेसचा व्यास म्हणजे लिफ्ट. कॅम झिजून अर्धा मिलिमीटर लिफ्ट गेलेल्या गाडीला कंपनीचाच नवा कॅम टाकला, एअर फिल्टर बदलला आणि पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी केला, तर पांदणीवर जी ओढ मिळते ती ‘रेसिंग कॅम’ देत नाही.

नवा कॅम कुठलाही असो, लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट लावूनच बसवा. चपट्या टॅपेटच्या जुन्या बुलेटला पहिली वीस मिनिटं आयडलवर सोडू नका. २००० ते २५०० च्या मध्ये आरपीएम वर-खाली करत राहा. पहाटे करा, समोर घरचा कूलर लावा, पाणी न टाकता फक्त पंखा. मग तेल गरम असतानाच काढा आणि गाळणीत लोखंडाचा चुरा आहे का ते चुंबक फिरवून पाहा.