‘९,९०० एमएएच’चा सेल: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘९,९०० एमएएच सेलची टॉर्च स्वस्तात मिळते, महागडी कशाला?’ असा मेसेज फिरतोय. त्यातला एमएएचचा (सेलमध्ये किती वीज साठते, त्या मापाचा) आकडाच खोटा आहे. अशा टॉर्चमध्ये बहुतेकदा १८६५० सेल असतो: १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. एवढ्याशा नळकांड्यात साधारण ३,५०० एमएएचच्या पुढे फारसं मावत नाही. वेष्टनावर काय, काहीही छापता येतं!

लुमेनचं, म्हणजे उजेडाच्या मापाचंही तसंच: काहीही छापता येतं. मात्र खोक्यावर एफएल१ मानक (टॉर्च तपासायची ठरलेली पद्धत) असेल, तर उजेड टॉर्च लावल्यानंतर किमान ३० सेकंदांनी मोजलेला असतो.

जास्त पैसे मोजायचेच तर सेल बदलता येणाऱ्या, उजेड स्थिर ठेवणाऱ्या टॉर्चला मोजा. रोज रात्री बाहेर पडणाऱ्याचे ते वसूल होतात. कधीमधी वीज गेल्यावरच लागत असेल, तर साधी पुरते.