मेगापिक्सेलआधी सेन्सर बघा
कॅमेरा निवडण्यावरच्या तुमच्या लेखात ‘मेगापिक्सेल जास्त तितका कॅमेरा चांगला’ असं लिहिलंय, ते पटलं नाही. आधी सेन्सरचा, म्हणजे लेन्समागे उजेड टिपणाऱ्या चिपचा, आकार बघा; तो मोठा तितका कमी उजेडात फोटो चांगला. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यात तो साधारण ६.२ × ४.६ मिमी असतो. ‘१ इंची’ म्हणतात तो १३.२ × ८.८ मिमी (इंचभर नसतोच), म्हणजे क्षेत्रफळ चौपट.

मला हे नंदुरबारकडच्या काठी गावच्या आदिवासी होळीत कळलं. रात्रभर ढोल, घुंगरं, मोरपिसांचे टोप, आणि उजेड जेमतेम. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात सगळं रवाळ आणि हललेलं आलं. पुढच्या वर्षी मित्राचा सोनी आरएक्स१०० मार्क ३ नेला. १ इंची सेन्सर, एफ १.८ ते २.८ ची लेन्स (हा आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो). अंगावर रंगवलेले पांढरे ठिपकेसुद्धा मोजता येतील असे फोटो निघाले!

व्ह्यूफाइंडरही (डोळा लावून बघायची खिडकी) हवाच. मे महिन्यात रावेरकडे केळीच्या बागेबाहेर उभं राहा, स्क्रीनवर काही म्हणता काही दिसत नाही. सोनीच्या मार्क ३ मध्ये व्ह्यूफाइंडर आहे, कॅननच्या जी७ एक्स मार्क २ मध्ये नाही. रिकोह जीआर ३ चा एपीएस-सी (मोठ्या कॅमेऱ्यांत असतो त्या मापाचा) सेन्सर आणखी मोठा, पण झूम नाही, फ्लॅशही नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत लांबचा घोडा टिपायचा असेल तर हा कॅमेरा घेऊ नका.